क्लासच्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले : ‘सेवेतील त्रुटी’ म्हणावी की ‘अनुचित व्यापारी प्रथा’?

गोदाकाठ (प्रश्न)

मुलीला दहावीनंतर नाशिकमधील एका खासगी क्लासमध्ये नीटच्या दोन वर्षांच्या तयारीसाठी घातले. हप्ते पाडल्यास सवलत मिळणार नाही असे सांगून प्रवेशाच्या दिवशीच १,४८,००० रुपये एकरकमी भरून घेण्यात आले. आम्ही ज्या पुस्तिकेवर विसंबून पैसे भरले ती अजून माझ्याकडे आहे. तिच्या मुखपृष्ठावर आदल्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या १४ विद्यार्थ्यांची छायाचित्रे आहेत, आतल्या पानावर चार अनुभवी शिक्षकांची नावे आहेत आणि मलपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘एका तुकडीत फक्त ३५ विद्यार्थी’ असे छापलेले आहे.

प्रत्यक्षात त्या चारपैकी दोन शिक्षक एकदाही वर्गावर आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात दोन तुकड्या एकत्र करून ८२ मुले एका खोलीत बसवली गेली, आणि मागच्या बाकांवरून फळा दिसत नाही म्हणून मुली मोबाइलवर फळ्याचे फोटो काढून घरी उतरवून घेऊ लागल्या. याहून मोठा धक्का नंतर बसला. मुखपृष्ठावरील एक मुलगा माझ्या मावसबहिणीच्या इमारतीत राहतो. तो या क्लासला कधीच शिकायला नव्हता. शेवटच्या तीन आठवड्यांत त्याने येथे फक्त सराव परीक्षांची मालिका लावली होती.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस आम्ही मुलीला काढले व उरलेले शुल्क मागितले. व्यवस्थापकांनी पावती उलटी करून मागचा बारीक मजकूर दाखवला : ‘एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ त्याखाली, कोणताही वाद झाल्यास तो कंपनीने नेमलेल्या दिल्लीतील लवादासमोर चालेल, असेही होते.

एका वकिलांनी ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून ग्राहक आयोगात तक्रार करा, असे सुचवले आहे. परंतु मला वाटते की फसवणूक सेवा सुरू होण्याआधीच झाली. तिच्यासाठी ग्राहकाला स्वतंत्रपणे दाद मागता येते का? पावतीमागच्या अटींचे काय करायचे? आणखी ११ पालकांचे हेच गाऱ्हाणे आहे. आम्ही एकत्र जाऊ शकतो का? घरातल्यांचे मत ‘गेले ते गेले, भिंतीवर डोके आपटू नकोस’ असे आहे, त्यामुळे उत्तर स्पष्ट मिळाले तर बरे होईल.

काळा कोट

आपल्या वकिलांचे म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. कबूल केलेल्या दर्जापेक्षा सेवा कमी पडली तर ती त्रुटी होय, आणि गिऱ्हाईक मिळवण्यासाठी फसवी रीत वापरली तर ती अनुचित व्यापारी प्रथा होय. पैसे घेतल्यावर काय दिले, हा पहिलीतला प्रश्न. पैसे काढून घेण्यासाठी काय सांगितले, हा दुसरीतला. ८२ मुलांचा वर्ग ही त्रुटी आहे. जो मुलगा वर्गात शिकलाच नाही त्याचे छायाचित्र ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून छापणे ही अनुचित प्रथा आहे. शिक्षकांची नावे, ते येणार नाहीत हे आधीच ठाऊक असताना छापली होती की ते नंतर सोडून गेले, यावर त्या मुद्द्याचा कप्पा ठरेल. ती माहिती जरूर काढा.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(४७) मध्ये या प्रथेची व्याख्या आहे. सेवा अमुक दर्जाची आहे असे खोटे सांगणे, त्या सेवेत नसलेले गुण तिला चिकटवणे, हे सगळे त्यात येते, आणि असे विधान तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात केलेले असले तरी चालते; म्हणजे छायाचित्रसुद्धा विधानच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या कलम २(२८) मध्ये वेगळी दिली आहे. शिक्षणसंस्था या कायद्यात येत नाहीत, असा आक्षेप समोरून हमखास घेतला जाईल. त्याला राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या (जिल्हा व राज्य आयोगांच्या वरच्या आयोगाच्या) मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात दिलेले उत्तर पुरेसे आहे : महाविद्यालये बाहेर राहिली तरी कोचिंग क्लासची बरोबरी नियमित शाळा-महाविद्यालयांशी करता येत नाही, आणि क्लासविरुद्धची तक्रार ग्राहक आयोग ऐकू शकतो.

दोन्ही मुद्दे वेगवेगळे मांडा असे मी आग्रहाने सांगतो, कारण त्यांतून मिळणारी दाद वेगळी आहे. केवळ त्रुटी मांडली तर क्लास म्हणेल की चार महिने शिकवले, तेवढे कापून घ्या, आणि सारी लढाई बेरीज-वजाबाकीवर येऊन थांबेल. आमची संमतीच खोट्या माहितीवर मिळवली गेली, असे मांडले तर संपूर्ण रकमेची मागणी करता येते (आयोग चार महिन्यांचे कापणारच नाही असे मात्र मी म्हणत नाही). शिवाय कलम ३९ खाली ती प्रथा बंद करण्याचा व पुन्हा न करण्याचा आदेश, चुकीच्या जाहिरातीचा परिणाम पुसणारी दुरुस्तीची जाहिरात सामनेवाल्याच्या (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या) खर्चाने देण्याचा आदेश आणि दंडात्मक भरपाई मागता येते. मागणी केल्यावाचून यांतले काही सहसा पदरात पडत नाही.

लवादाच्या अटीची चिंता करू नका. ग्राहक आयोगाचा मार्ग इतर कायद्यांना जोडून दिलेला आहे, त्यांना पर्याय म्हणून नाही. आणि एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये, करारात लवादाचे कलम असले म्हणून ग्राहकाची तक्रार अडत नाही, असे स्पष्ट केले. नव्या कायद्यात तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणून आपले काम नाशिकमध्येच चालेल. भरलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे ते जिल्हा आयोगाचेच आहे आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कही नाही.

‘शुल्क परत मिळणार नाही’ या अटीचा मात्र एक पेच आहे. कराराची अट अनुचित म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. जिल्हा आयोगाला तो दिलेला नाही. म्हणून जिल्हा आयोगापुढे ‘अट रद्द करा’ असे न म्हणता ‘अशी एकतर्फी अट दाखवून पैसे अडवून धरणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे’ असे म्हणावे. पायोनियर अर्बन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी बांधकाम व्यावसायिकाच्या एकतर्फी कराराला जुन्या, १९८६ च्या कायद्याखाली हेच नाव दिले होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही, अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे शुल्क १० दिवसांत परत करावे, असे म्हटले आहे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. तरीही शासन कशाला वाजवी समजते हे त्यांतून दिसते, म्हणून जोडाव्यात.

पेढीवाला

मी सांगलीत विद्युत उपकरणांचे दुकान चालवतो, त्यामुळे मला दुसऱ्या बाजूचे म्हणून वाचले जाईल, याची कल्पना आहे. गोदाकाठ यांच्यावर अन्याय झाला हे मान्य करून दोन गोष्टी लिहितो.

जाहिरात करणाऱ्याने थोडे चढवून सांगावे आणि घेणाऱ्याने थोडे कमी करून ऐकावे, हा बाजाराचा जुना व्यवहार आहे. ‘महाराष्ट्रात नंबर एक’ असे लिहिलेल्या पाटीबद्दल जर उद्या कोणीही दावा लावू लागला, तर पाटी रंगवणारासुद्धा वकिलाला विचारून ब्रश उचलेल. मुलाला गुण कमी पडले की क्लास फसवा होता, असे म्हणणारे पालकही मी पाहिले आहेत.

दुसरे असे की हा कायदा लहान व्यापाऱ्याला वेळ देत नाही. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी हिली मल्टिपर्पज प्रकरणात सांगून टाकले की ४५ दिवसांच्या पुढे एक दिवसही मिळणार नाही. माझ्याविरुद्धच्या एका तक्रारीत नोटीस गोदामाच्या पत्त्यावर आली, ती हमालाने बिलांच्या गठ्ठ्यात ठेवली, आणि ती माझ्या हातात पडेपर्यंत ५१ दिवस उलटले होते. ज्या मिक्सरबद्दल तक्रार होती तो मी दोनदा बदलून दिला होता आणि त्याच्या पोचपावत्या माझ्याकडे होत्या. पण माझे म्हणणेच दाखल झाले नाही. मोठी कंपनी अशा वेळी मुदत चुकवत नाही, कारण तिच्याकडे त्यासाठी पगारी माणूस असतो.

सुट्टे पैसे

पेढीवाला यांची ५१ दिवसांची हकिगत वाचून वाईट वाटले, आणि तरीही मी दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगणार आहे, कारण ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित प्रथा’ यांतला फरक मला किमतीनिशी कळलेला आहे.

ठाण्यातील घरासाठी मी एका दालनातून स्वयंपाकघराचे ट्रॉली-कपाटांचे काम २,३५,००० रुपयांना करून घेतले. दालनात ठेवलेला नमुन्याचा दरवाजा त्यांनी कडेने दाखवला होता. प्लायवूडचे एकावर एक थर त्यात स्वच्छ दिसत होते. कोटेशनवर हाताने ‘मरीन प्लाय, ७१०’ (७१० हा पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या मानकाचा क्रमांक) असे लिहून दिले. सात महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, सिंकखालचे कपाट फुगले. नळकाम करणाऱ्याने नवी नळी घालण्यासाठी त्याला भोक पाडले तेव्हा गिरमिटाबरोबर थरांच्या चकत्या येण्याऐवजी जाडसर भुसा बाहेर पडला. तो मुठीत घेऊन त्याने माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, “साहेब, हे प्लाय नाही, हे दाबलेलं भूस आहे.”

तक्रार ऑनलाइन दाखल केली. आयोगाने तुकडा सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला आणि त्याचे शुल्क मला आधी भरावे लागले, हे नव्या तक्रारदारांनी ध्यानात ठेवावे. कायद्यात तपासणी लागत नसेल तर तीन महिने आणि लागत असेल तर पाच महिने असा निकालाचा काळ लिहिलेला आहे. मला दोन वर्षे सात महिने लागले, आणि त्यांतल्या निम्म्या तारखांना काहीही घडले नाही. निकालात संपूर्ण रक्कम द.सा.द.शे. ९ टक्के व्याजाने, मानसिक व शारीरिक त्रासापोटी २५,००० आणि तक्रारीच्या खर्चापोटी १०,००० रुपये मंजूर झाले. ४५ दिवसांत पैसे आले नाहीत. मग मी वसुलीचा अर्ज केलाच, शिवाय कलम ७२ खाली, आदेश मोडल्याबद्दल शिक्षा व्हावी म्हणूनही अर्ज केला. त्या कलमात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पहिल्या अर्जाला दाद न देणारे दालनमालक दुसऱ्या अर्जाच्या दुसऱ्या तारखेला धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) घेऊन उभे होते.

आता जे चुकले ते सांगतो. नमुना एका मालाचा दाखवून दुसराच माल दिला ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने निकालाच्या कारणमीमांसेत एक परिच्छेद खर्चून लिहिले. परंतु ती बंद करण्याची मागणी माझ्या तक्रारीच्या विनंती कलमात (शेवटी मागण्या लिहितात त्या भागात) नव्हती. मी फक्त पैसे मागितले होते. आदेशात पैसेच आले. तो थर दाखवणारा दरवाजा आजही त्या दालनात तिथेच टेकवून ठेवलेला आहे. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा काचेतून तो मला दिसतो.

वितरणताई

माझे बालपण मुंबई ग्राहक पंचायतीच्या मासिक वितरणाच्या पोत्यांमध्ये गेले, म्हणून हे नाव घेतले आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा फसलेल्या ग्राहकापुढे दिवाणी न्यायालयाखेरीज फारसे काही नव्हते. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा १९६९ चा होता, पण त्यात अनुचित व्यापारी प्रथेचा शब्दही नव्हता. त्या कायद्याचा आढावा घेणाऱ्या सच्चर समितीने १९७८ मध्ये ती उणीव दाखवली, १९८४ मध्ये दुरुस्ती झाली, आणि तरीही असे प्रकरण त्या कायद्याखालच्या दिल्लीतील आयोगापुढेच चालायचे. नाशिकच्या पालकाला नाशिकमध्ये दाद मिळू लागली ती १९८६ च्या कायद्यामुळे.

त्या कायद्याच्या मूळ रूपात एक अट होती, आणि ती गोदाकाठ यांच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. अनुचित व्यापारी प्रथेमुळे तक्रारदाराचे नुकसान झाले असेल तरच तक्रार करता येत असे. १९९३ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. त्यानंतर ‘व्यापाऱ्याने अशी प्रथा अवलंबली आहे’ एवढे विधान तक्रारीला पुरेसे झाले, आणि ती प्रथा बंद करण्याचा आदेश देण्याचा अधिकारही ग्राहक मंचांना (आताच्या आयोगांना) त्याच वेळी मिळाला. २००२ मध्ये व्यापाऱ्याच्या जोडीला सेवा देणारा आला. आपली फसवणूक सेवा सुरू होण्याआधीच झाली, असे जे आपल्याला वाटते, ते कायद्याला असे टप्प्याटप्प्याने पटत गेले आहे. भरपाई हवी असेल तर नुकसान अर्थातच दाखवावे लागेल.

आता १२ पालकांविषयी. कलम ३५(१)(ग) खाली एक किंवा अनेक ग्राहक, आयोगाच्या परवानगीने, समान हितसंबंध असलेल्या सर्व ग्राहकांच्या वतीने तक्रार करू शकतात. मोह होईल, पण त्या वाटेने जाण्याआधी ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीच्या प्रकरणातील डिसेंबर २०२१ चा निकाल वाचा. १,१३४ सदनिकांच्या संकुलातील ९१ खरेदीदारांनी सगळ्यांच्या वतीने तक्रार केली होती. सर्वांचे हित एकच कसे, हे तक्रारीत नीट मांडलेले नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिला प्रातिनिधिक मानले नाही. मात्र त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून ती चालू द्यावी, असे सांगितले. आपल्यासाठी सोयीची वाट हीच आहे. पुस्तिका एक, पावतीमागची अट एक, तुकड्या एकत्र केल्याची तारीख एक. तेव्हा १२ जणांनी संयुक्त तक्रार करावी, प्रत्येकाची रक्कम व पावती वेगळ्या तक्त्यात द्यावी, आणि प्रत्येकाने आपापले शपथपत्र जोडावे. कोणाच्या मुलाने पुस्तिका न पाहता मित्राच्या सांगण्यावरून प्रवेश घेतला असेल, तर त्याला वेगळे ठेवा, कारण त्याचा उलटतपास सगळ्यांना महागात पडेल. मुलगी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर पालक म्हणून आपणच तक्रारदार होऊ शकता.

त्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही लिहा. कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरायचे तर निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ, पैसे भरून की मोफत घेतला हे छायाचित्राबरोबर सांगावे लागते. आपल्या मावसबहिणीच्या इमारतीतील मुलाची गोष्ट याच तरतुदीत चपखल बसते. प्राधिकरण १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. तो दंड सरकारजमा होतो, पालकाला मिळत नाही. म्हणून तिकडे तक्रार केली की आयोगात जाण्याची गरज नाही, असा समज करून घेऊ नका.

चार्ल्सकाठचा

मी गेली काही वर्षे बॉस्टनमध्ये राहतो. येथील तुलना थोडक्यात देतो, कारण ‘ग्राहकाने स्वतः दावा का लावावा, सरकारने का नाही’ हा वाद येथेही होऊन गेलेला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाच्या कायद्यात फसव्या प्रथांना बंदी आहे, पण त्या कायद्याखाली सामान्य ग्राहकाला दावा लावता येत नाही. तो हक्क राज्यांनी आपापल्या कायद्यांतून दिला. मॅसॅच्युसेट्सचा असा कायदा, प्रकरण ९३अ, १९६७ चा आहे, आणि ग्राहकाच्या दाव्याचे कलम त्यात १९६९ मध्ये आले. दाव्याआधी ३० दिवस लेखी मागणीपत्र पाठवावे लागते. व्यापाऱ्याने त्या मुदतीत वाजवी देकार दिला आणि ग्राहकाने तो नाकारला, तर पुढे तेवढ्यावरच समाधान मानावे लागू शकते. उलट फसवणूक जाणूनबुजून केलेली निघाली तर भरपाई दुप्पट ते तिप्पट होते, आणि वकिलाची वाजवी फीसुद्धा व्यापाऱ्याकडून मिळते.

वकिलाची फी हाच मला मुख्य फरक वाटतो. सुट्टे पैसे यांना १०,००० रुपये खर्चापोटी मिळाले. दोन वर्षे सात महिन्यांच्या तारखांना पोहोचण्याचे भाडे आणि बुडालेल्या रजा यांच्यापुढे ते किती पुरले असतील? येथे पन्नास डॉलरच्या फसवणुकीसाठीही वकील उभा राहू शकतो, कारण त्याची फी पन्नास डॉलरमधून निघत नाही.

काळा कोट

पेढीवाला यांच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देणे आवश्यक आहे, कारण सामनेवाल्याचा वकील पहिला मुद्दा मांडणारच. ‘नाशिकचा सर्वोत्तम क्लास’ ही बढाई आहे. ती खरी-खोटी ठरवण्याचे माप नाही, आणि तिच्या आधारे तक्रार करू नये. ‘३५ विद्यार्थी’ हे मोजता येणारे विधान आहे. ‘हा आमचा विद्यार्थी’ हेही तपासता येणारे विधान आहे. तक्रारीत फक्त अशी विधाने घ्या, आणि मुलीला सराव परीक्षेत किती गुण पडले याचा उल्लेखही करू नका. तो आला की वाद तिच्या अभ्यासावर सरकतो. ४५ दिवसांबाबत त्यांची व्यथा खरी आहे, परंतु म्हणणे दाखल झाले नाही तरी अंतिम युक्तिवादात कायद्याचे मुद्दे मांडता येतात आणि तक्रारदाराच्या कागदांतील विसंगती दाखवता येते. एवढे करूनही बदलून दिलेल्या मिक्सरच्या पोचपावत्या पुराव्यात येत नाहीत, हे मी नाकारणार नाही.

गोदाकाठ, आपले काम शपथपत्रे व कागदपत्रांवर चालेल, त्यामुळे त्या मुलाचे शपथपत्र आता लगेच घ्या. महाविद्यालयासाठी तो परगावी गेला की ते राहून जाईल. क्लासच्या संकेतस्थळावरील पानांचे फोटो काढले असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडा. पुस्तिकेची मूळ प्रत आयोगाने मागितल्याशिवाय हातातून सोडू नका. नोटीस देणे कायद्याने बंधनकारक नाही, पण द्यावी, आणि तिच्यात १५ दिवसांची मुदत द्यावी. तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. सामोपचाराची शक्यता दिसली तर आयोग मध्यस्थीसाठी विचारेल; तेथे पैसे लवकर मिळू शकतात, मात्र त्या समझोत्यावर झालेल्या आदेशाविरुद्ध अपील करता येत नाही, तेव्हा पुस्तिका मागे घेण्याची अट समझोत्यातच लिहून घ्या.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. १२ पैकी ९ पालक संयुक्त तक्रारीला तयार आहेत. दोघांनी पुस्तिका पाहिलीच नव्हती, त्यांनी ते स्वतःहून सांगितले, आणि एकाला क्लासने परवा फोन करून ४०,००० रुपये देऊ केले आहेत. मुखपृष्ठावरील त्या मुलाच्या वडिलांनी शपथपत्राला होकार दिला. त्याची लेखी संमती कोणीच घेतली नव्हती. सराव परीक्षेच्या ओळखपत्रासाठी दिलेला फोटोच मुखपृष्ठावर छापला गेला.

एक अडचण उरली आहे. दारावरची पाटी एका मोठ्या, देशभर शाखा असलेल्या क्लासच्या नावाची आहे, पण पावतीवर दुसऱ्याच भागीदारी संस्थेचे नाव आहे. व्यवस्थापक म्हणतात की ही फ्रँचायझी आहे, मूळ कंपनीचा पैशांशी संबंध नाही. तक्रार कोणाविरुद्ध करायची?

काळा कोट

दोघांविरुद्ध. पावतीवर जीएसटी क्रमांक असेल. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की संस्थेचे कायदेशीर नाव व नोंदणीचा पत्ता मिळतो, तो जसाच्या तसा सामनेवाला क्रमांक १ म्हणून घाला. पुस्तिका कोणी छापली हे तिच्या शेवटच्या पानाच्या तळाशी पाहा. तेथे मूळ कंपनीचे नाव किंवा बोधचिन्ह असेल तर जाहिरात तिची आहे, आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले यावरून तिची जबाबदारी संपत नाही; तिला क्रमांक २ करा व तिच्या दिल्लीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. आणि ज्यांना ४०,००० देऊ केले आहेत त्यांना सांगा की तो फोन कोणत्या क्रमांकावरून आला, किती वाजता आला आणि बोलणाऱ्याने काय शब्द वापरले, हे आजच वहीत लिहून ठेवावे.